नाताळच्या सकाळी दोऱ्याचा माग: घरभर लोकर, शेवटी भेट

झाडाखाली ठेवलेल्या भेटी पाच मिनिटांत उघडून संपतात. सहा वाजता उठलेली पोरं सव्वासहाला 'आता काय?' म्हणून विचारायला लागतात. त्यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. प्रत्येक मुलाच्या नावाचा एका रंगाचा दोरा रात्रीच घरभर फिरवून ठेवायचा. सकाळी मुलाने तो खुर्चीखालून, दाराच्या कडीतून, पडद्यामागून सोडवत, गुंडाळत जायचं. दोरा संपतो तिथे भेट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मोठी माणसंही हा खेळ पार्ट्यांमध्ये खेळत आणि त्याला 'कोळ्याचं जाळं' म्हणत. आता तो मुख्यतः मुलांचा झाला आहे आणि नाताळच्या सकाळी चांगला शोभतो.

ऐकायला सोपा वाटतो, पण बहुतेक घरांत पहिल्या वर्षी फसतो. दोऱ्याची गाठोडी होतात, धाकटा रडतो, टेबलावरचा दिवा खाली येतो आणि शेवटी कात्री निघते. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. दोरा मुलाच्या बाजूने सुरू करून भेटीकडे नेलेला असतो. तो उलटा न्यायचा असतो, भेटीकडून मुलाकडे. पुढचं बरंचसं या एका गोष्टीतून निघतं.

उलटं का?

शेवटी टाकलेला दोरा सगळ्यांत वर असतो. सकाळी मूल ज्या टोकापासून सुरू करणार, ते टोक शेवटी टाकलेलं असेल तर प्रत्येक वळण वरच्या थरातून सुटत जातं. स्वेटर उसवतो तसंच हे आहे, विणीच्या शेवटाकडून धरला तर सरसर उसवतो, सुरुवातीकडून ओढला तर गाठ बसते.

दुसरा फायदा फिरकीचा. दोरा आधी एका पुठ्ठ्यावर गुंडाळा, मोकळं टोक भेटीच्या जागी बांधा आणि पुठ्ठा हातात घेऊन उलगडत घरभर फिरा. सुरुवातीच्या जागी पोचाल तेव्हा हातात रिकामा पुठ्ठा आणि मीटरभर दोरा उरलेला असेल. त्या पुठ्ठ्यावर मुलाचं नाव लिहा आणि तिथेच लटकवा. सकाळी हीच त्याची फिरकी. तुमचा पुठ्ठा जिथून जाऊ शकला तिथून त्याचाही जाणारच, त्यामुळे 'इथे अडकलं' हा प्रश्नच येत नाही.

सामान

लोकर: विणकामाची साधी चारपदरी अॅक्रिलिक लोकर, प्रत्येक मुलाला एक रंग. गुंडीवरच्या लेबलवर लांबी लिहिलेली असते, एका मुलाला एक ५० ग्रॅमची गुंडी भरपूर होते. मोहेरसारखी केसाळ लोकर घेऊ नका, दोन दोरे एकमेकांना घासले की तिचे केस गुंततात आणि सुटत नाहीत. क्रोशाचा बारीक सुती दोरा बोटं कापतो. सुतळीचे तंतू कपड्यांवर, सोफ्यावर सांडतात आणि हाताला टोचतात. नायलॉनची दोरी घसरते, गाठ धरत नाही. मांजा अर्थातच नाही, संक्रांत तीन आठवडे लांब आहे.

रंग: इथे नाताळ म्हणून लाल-हिरव्याचा मोह होतो, तो आवरा. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना, लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही आणि घरच्यांना हे माहीतही नसतं. निळा, पिवळा आणि लाल हा संच चालतो. पांढरा दोरा पांढऱ्या टाइल्सवर हरवतो, काळा रात्रीच्या उजेडात. तिघे असतील तर निळा-पिवळा-लाल घ्या आणि विषय संपवा.

पुठ्ठा: बुटांच्या खोक्याचा, १२ सेंटिमीटर लांब, ५ रुंद. दोन्ही आखूड बाजूंना मधोमध सेंटिमीटरभर खोल खाच कापा, म्हणजे दोरा घसरत नाही. यापेक्षा मोठा पुठ्ठा खुर्चीच्या दांड्यांमधून जाताना अडतो, लहान पुठ्ठा लहान मुलाच्या हातात नीट बसत नाही. टॉयलेट रोलची नळी जाड असते आणि पलंगाखाली गडगडत जाते, ती नकोच.

याशिवाय एक इंची मास्किंग टेप, डझनभर कपड्यांचे चिमटे, आणि पहाटे खिशात एक बोथट टोकाची कात्री. सेलोटेप भिंतीचा रंग उचलते. भिंतीला साधा डिस्टेंपर असेल तर मास्किंग टेपही पापुद्रे काढते, म्हणून भिंतींना हातच लावू नका. दाराच्या कड्या, खिडकीचे गज, कपाटांच्या मुठी, खुर्च्या, पलंगाचे पाय एवढं पुरतं.

किती दोरा?

मोजपट्टी काढत बसू नका. दोन्ही हात पसरून एका हातापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, किनाऱ्यावरचे मच्छीमार दोर असाच मोजतात. मोठ्या माणसाची वाव साधारण १.६ मीटर भरते.

चार वर्षांच्या मुलाला ६ ते ७ वाव, म्हणजे दहा-अकरा मीटर. सहा-सात वर्षांना १५ वाव. नऊ-दहा वर्षांना २५ वाव, म्हणजे ४० मीटर, आणि त्याहून जास्त कुणालाच नको. चाळीस मीटरनंतर मजा वाढत नाही, फक्त हात दुखतात. पहिल्याच वर्षी कमी धरा. दोरा लवकर संपला तर मूल हसतं, लांबला तर चिडतं.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला दोरा नको. त्याला मोठ्या भावंडाची फिरकी धरायला द्या आणि नजर ठेवा. आणि घरात मांजर असेल तर हा खेळ रात्री मांडूच नका. मांजर लोकर चघळते, गिळते, आणि पोटात गेलेला लांब दोरा आतड्यांत अडकून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. अशा घरात मांजराला एका खोलीत बंद करून पहाटे मांडा, आणि खेळ संपल्यावर तुकडा न तुकडा उचला.

कुठून नाही न्यायचं

मार्ग आखण्याआधी हे ठरवा, कारण घरातल्या निम्म्या जागा इथेच बाद होतात.

पंखा. वसई-विरार-मुंबईच्या डिसेंबरात रात्री पंखा लागतोच. पंख्याच्या आसपास, अगदी त्याच्या खालच्या उंच कपाटावरूनही दोरा नेऊ नका. सकाळी कुणीतरी सवयीने बटण दाबतं आणि पाती पाच सेकंदांत सगळा दोरा गिळतात. मांडलेल्या खोलीच्या पंख्याच्या बटणावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा.

स्वयंपाकघराचा ओटा. शेगडीच्या बटणात किंवा सिलिंडरच्या रेग्युलेटरमध्ये दोरा अडकणं ही गंमत नाही. स्वयंपाकघरात दोरा न्यायचाच तर फक्त जेवणाच्या टेबलाखालून.

मेणबत्त्या. अल्तारीवर (घरातल्या देव्हाऱ्यावर) किंवा गोठ्यापाशी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यापाशी, पेटती मेणबत्ती असेल तर दोरा तिच्यापासून निदान दोन मीटर लांब. अॅक्रिलिक जळत नाही असं नाही, ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरं तर दोरे सुटेपर्यंत मेणबत्त्या विझवलेल्याच बऱ्या.

गोठा आणि झाड. प्लॅस्टिकचं चार-पाच फुटी झाड इतकं हलकं असतं की एका हिसड्यात दिव्यांच्या माळेसकट आडवं होतं. गोठ्यातल्या मातीच्या मूर्ती तर विचारूच नका. दोन्हींपासून हातभर अंतर.

गळ्याची उंची. चालण्याच्या वाटेवर आडवा ताणलेला दोरा मुलाच्या गळ्याच्या पातळीला नको. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा गळा साधारण ९० सेंटिमीटरवर येतो. दोरा एक तर गुडघ्याखाली न्या, नाहीतर मोठ्या माणसाच्या डोक्यावरून. उघड्या वाटेवर तो ताणू नका, सैल सोडा.

मोरीची वाट. पहाटे तीनला आजी उठणार, हे धरून चाला. झोपण्याच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतची एक पट्टी पूर्ण मोकळी ठेवा आणि तिथला छोटा दिवा चालू ठेवा. मुख्य दाराची कडीही सोडा, दूधवाला साडेपाचला येतोच. जिना असेल तर पायऱ्यांवरून दोरा आडवा नेऊ नका. कठड्याच्या गजांमधून न्यायला मात्र जिना फार छान, परदेशातल्या दुमजली घरांत तीच या खेळाची उत्तम जागा.

मांडणी, एका दोऱ्याच्या बाजूने

नमुन्याला सात वर्षांच्या मुलाचा पिवळा दोरा घेऊ. हॉल, स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, एक गॅलरी, असं साधं घर. लांबी १५ वाव.

भेट गॅलरीतल्या कपाटात. दोऱ्याचं टोक भेटीला बांधू नका. हलकी भेट असेल तर मूल पलीकडून एक हिसका देतं आणि भेट फरशीवर. टोक कपाटाच्या मुठीला दोन गाठींनी बांधा आणि मुठीशेजारी नावाची चिठ्ठी लावा. सायकलसारखी मोठी भेट घराबाहेर ठेवलेली असेल तर टोकाला तिची किल्ली बांधा.

गॅलरीतून दोरा खिडकीच्या दोन गजांमधून आत हॉलमध्ये आणा. मग जमिनीलगत सोफ्याच्या मागून. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला वर घ्या, पडद्याच्या मागून, खिडकीच्या गजाला लावलेल्या चिमट्याच्या तारेवरून. तिथून जेवणाच्या टेबलाकडे. टेबलाखाली दोन खुर्च्यांच्या खालच्या दांड्यांमधून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग टेबलाच्या एका पायाभोवती अर्धा वळसा. पूर्ण वेढा नाही. तिथून कपाटाची मूठ, मग दाराची कडी आणि शेवटी झोपण्याच्या खोलीच्या दाराबाहेर, मुलाच्या कमरेच्या उंचीला, नाव लिहिलेला पुठ्ठा. पुठ्ठा दाराच्या बाहेरच. पलंगाला, उशीला आणि मुलाच्या पायाच्या अंगठ्याला तर मुळीच नाही, झोपलेल्या मुलाजवळ दोरा ठेवायचा नसतो.

एवढ्या मार्गात आठ-नऊ वळणं झाली. सात वर्षांच्या मुलाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

अर्ध्या वळशाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण दिवा पडतो तो इथेच. लाकडाभोवती दोऱ्याचा दर अर्धा वळसा ओढ जवळपास दुप्पट करतो, कधी त्याहून जास्त. असे पाच झाले की टोकापर्यंत ओढ पोचवायला निदान तीसपट जोर लागतो. मूल जोरात ओढतं तेव्हा तो जोर दूरच्या भेटीपर्यंत जातच नाही, पहिल्या-दुसऱ्या वळणावरच्या वस्तूला बसतो. म्हणून मार्गाच्या सुरुवातीला जड आणि न हलणाऱ्या वस्तू हव्यात: दार, कपाट, पलंग. स्टूल, कुंडी, टेबललॅम्प, टीव्हीचा स्टँड नको. टीव्हीच्या आसपास तर कुठेच नको.

लहानांसाठी आणखी एक. कडी, गज, खुर्चीची दांडी या बंद जागा, त्यातून पुठ्ठा ओवून काढावा लागतो. मूठ, खुंटी, खुर्चीच्या पाठीचा कोपरा या उघड्या जागा, त्यावरून दोरा नुसता उचलता येतो. चार वर्षांच्या मुलाला सगळ्या जागा उघड्या द्या. सात वर्षांना निम्म्या बंद. दहा वर्षांच्या मुलाला सगळ्या बंद द्या, तरी तो तक्रार करेल की सोपं होतं.

दोन-तीन दोरे एकत्र

एकेक दोरा पूर्ण टाकून मग दुसरा घेतला तर पहिला दोरा सगळ्यांच्या खाली अडकतो आणि त्या मुलाला बाकीच्यांची वाट बघत बसावं लागतं. घराचे तीन भाग करा: भेटीजवळचा, मधला, सुरुवातीचा. आधी सगळ्या दोऱ्यांचा भेटीजवळचा भाग टाका, मग सगळ्यांचा मधला, मग सुरुवातीचा. थांबलेले पुठ्ठे त्या त्या जागी चिमट्याने अडकवून ठेवा, जमिनीवर ठेवले तर पायात येतात. अशाने सकाळी मुलं साधारण बरोबरीने पुढे सरकतात.

दोरे एकमेकांना छेदले पाहिजेत, नाहीतर जाळं दिसत नाही. पण छेद फक्त मधल्या भागात, तीन-चार ठिकाणी. सुरुवातीला छेद दिले की तिघेही एकाच दारात एकमेकांच्या अंगावर बसतात.

दोन मोठी माणसं लागतात, तीन दोऱ्यांना पाऊण तास धरा. वेळेचा खरा प्रश्न मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा असतो. मध्यरात्रीची मिस्सा करून घरी येईपर्यंत एक वाजतो, मुलं खांद्यावर झोपलेली असतात आणि मांडणाऱ्यालाही झोप आवरत नाही. दोरे आदल्या दिवशी दुपारीच पुठ्ठ्यांवर गुंडाळून, मार्ग कागदावर काढून ठेवले तरच रात्री जमतं. सकाळी लवकर उपासनेला जाणाऱ्या घरांनी खेळ चर्चहून आल्यावर ठेवावा. एक मोठं माणूस आधी घरी परतून मांडतं, बाकीचे अंगणात लोकांना शुभेच्छा देत वेळ काढतात. नवीन कपडे घालून पलंगाखाली सरपटणं मात्र चालणार नाही, तेव्हा आधी कपडे बदला.

मांडून झालं की झोपण्याआधी प्रत्येक खोलीचे दोन फोटो काढा. सकाळी गुंता झाला की कुठला दोरा कुठून गेला हे त्यात दिसतं. ही पायरी सगळे टाळतात आणि सगळेच पस्तावतात.

वाटेतले थांबे

नुसता दोरा सहा वर्षांच्या वरच्या मुलांना एकसुरी वाटतो. मधे दोन थांबे ठेवा, जास्त नको. दोऱ्याला चिठ्ठी बांधा, चिठ्ठीत एक काम. 'टेबलाखाली बसून एक नाताळगीत पूर्ण म्हण.' 'आजोबांना विचार, त्यांच्या लहानपणी गोठा कशाचा करायचे.' कोडं लिहिणार असाल तर मुलाला वाचता येतं इतक्याच शब्दांत, आणि ठळक अक्षरात.

यातला सगळ्यात चांगला थांबा फराळाच्या थाळीचा. गोव्यात, वसईत, मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळ ख्रिस्ती) घरांत कुलकुल, नेवऱ्या, केकची थाळी शेजारी जायचीच असते. चिठ्ठीत लिहा: 'ही थाळी समोरच्या काकूंकडे पोचव, त्या सांगतील ती खूण घेऊन ये.' काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्या दार उघडतील आणि खूण म्हणून चमचा किंवा लवंग देतील. खूण आणल्याशिवाय दोरा पुढे सोडवायचा नाही. सगळ्यांत मोठ्या मुलाच्या दोऱ्यावर हा थांबा ठेवा. त्याचा वेग आपोआप कमी होतो आणि धाकटे गाठतात.

दोऱ्याला खाऊ बांधायचा असेल तर पहाटेच बांधा, तोही घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत. रात्रभर लटकलेल्या कुलकुलांपर्यंत मुंग्या दोऱ्यावरूनच रांगेने पोचतात.

सकाळी

मुलांना दाराबाहेर उभं करून एकदा हातात दोरा धरून दाखवा. नियम दोनच. पहिला: ओढायचं नाही, गुंडाळत पुढे जायचं. दुसरा: दोरा जिथून गेला तिथूनच फिरकी जाणार. दुसऱ्याचा दोरा वाटेत आला तर त्याच्या खालून किंवा वरून, जसा आपला गेलाय तसा पुठ्ठा काढायचा, त्याचा दोरा उचलून बाजूला टाकायचा नाही. गुंता होतो तो याच एका चुकीने.

तरी गुंता झालाच तर मुलांना थांबवा, फोटो बघा आणि दोन मिनिटांत सुटला नाही तर कात्री लावा. आपला रंग कापा, पलीकडे मोकळं टोक ओढून घ्या, साधी दुहेरी गाठ मारा, पुढे चला. दहा मिनिटं गाठ उकलत बसणारा बाप हे मुलांसाठी फार कंटाळवाणं दृश्य असतं.

धाकट्याचा दोरा लवकर संपेल, हे नक्की. म्हणून सगळ्यांच्या वाटा एकाच जागी संपवा आणि आधी ठरवून टाका: सगळे पोचल्याशिवाय कुणी कागद फाडायचा नाही. आधी पोचलेल्याला काम द्या, मोठ्याची फिरकी धरायला किंवा आजीचा दोरा सोडवायला. आजीलाही एक दोरा हवाच. तीन वाव पुरे, तिच्या खुर्चीच्या हातापासून शेजारच्या खिडकीपर्यंत, सगळा बसल्या जागेवरून हात पोचेल असा. शेवटी चष्म्याचं नवीन घर किंवा तिच्या आवडीची खारी बिस्किटं.

बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना या सगळ्यात रस नसतो, असं ती सांगतात. त्यांच्या दोऱ्याला एक फसवी फांदी द्या: त्याच रंगाचा पाच वावांचा दुसरा दोरा मधल्या भागात बांधा आणि रिकाम्या डब्यापाशी संपवा. डब्यात चिठ्ठी: 'मागे फिर.' नाहीतर त्यांनाच रात्री मांडायला घ्या. एकदा मांडणारा झाला की पुढच्या वर्षीचा मार्ग तो नोव्हेंबरपासूनच आखतो, आणि तुमच्यापेक्षा दुष्टपणे.

खेळ संपल्यावर भरलेल्या फिरक्या बिस्किटांच्या डब्यात नावांसकट ठेवा. पुढच्या वर्षी प्रत्येकाचा पुठ्ठा तोच, फक्त दोन-तीन वाव दोरा वाढवायचा. कापलेले तुकडे गोंड्यांना वापरा. टेपच्या पट्ट्या त्याच दिवशी काढा, आठवड्याने काढल्या तर मागे चिकटा राहतो. आणि पंख्याच्या बटणावरची पट्टी आठवणीने, नाहीतर दुपारी सगळे घामाघूम होऊन पंखा बिघडला म्हणून बसतात.